उतरत्या बाकीची वही : घरातल्या क्रेडिट कार्डांचं कर्ज महिन्यागणिक कसं फेडायचं

आमच्या घरात तीन क्रेडिट कार्डं होती. मला त्यातली दोनच माहीत होती. तिसरं ह्यांनी एका मॉलच्या दारात प्रवासी बॅग फुकट मिळते म्हणून घेतलं होतं आणि त्यावर २३,००० रुपये चढले होते. दिवाळीनंतर एका रात्री मी दोन कार्डांची बेरीज करायला बसले, तेव्हा ह्यांनी खाली मान घालून तिसरं पाकिटातून काढलं. एकूण आकडा झाला १,८०,००० रुपये.

आम्ही नाशिकचे. हे अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला, मी घरी शिकवण्या घेते. दोघांचे मिळून हातात ६४,००० येतात. त्याआधी वर्षभर आम्ही समाधानात होतो की हप्ता कधी चुकवला नाही, दर महिन्याला कार्डाचे पैसे भरतो. भरत होतो हे खरंच. बाकी मात्र जागची हलत नव्हती.

पुढे १४ महिन्यांत हे कर्ज फिटलं. त्यात जे नीट जमलं आणि जे चुकलं ते दोन्ही खाली क्रमानं लिहिते. आकडे आमचे आहेत, तुम्ही तिथे तुमचे घाला.

बसण्यापूर्वी काय गोळा करायचं

- प्रत्येक कार्डाची शेवटच्या तीन महिन्यांची स्टेटमेंटं. ईमेलवर आलेल्या पीडीएफचा पासवर्ड काय, ते त्याच ईमेलमध्ये लिहिलेलं असतं.
- बँक खात्याचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट आणि पगाराची स्लिप.
- चालू असलेले सगळे हप्ते: घर, गाडी, मोबाईल, पतसंस्था, भिशी, कोणाचे हातउसने.
- विम्याचे हप्ते, घरपट्टी, शाळेची फी यांच्या तारखा.
- एफडीच्या पावत्या.
- घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे त्याच्या नावावरच्या सगळ्या कर्जांची आणि कार्डांची नोंद. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. पैसे मागणाऱ्या पानावर पोचलात तर मागे फिरा, फुकटाची लिंक वेगळी असते.
- एक शंभर पानी वही. मोबाईलमधलं ॲप नको. वही फ्रिजवर ठेवता येते आणि दोघांना दिसते.

१. सगळी कार्डं एका रात्री टेबलावर

ही पायरी कागदावर सोपी आणि घरात सगळ्यात अवघड. कोणी काय घेतलं याचा हिशेब त्या रात्री करायचा नाही, एवढा एकच नियम आम्ही केला आणि दोनदा मोडला. रिपोर्ट काढायला सांगते तो याचसाठी. विसरलेलं किंवा लपवलेलं कार्ड त्यात दिसतंच. ॲड-ऑन कार्ड मुलाच्या किंवा बायकोच्या नावाचं असलं तरी त्याची बाकी मूळ कार्डधारकाच्याच डोक्यावर असते, ती वेगळी मोजू नका.

वहीत प्रत्येक कार्डापुढे पाच गोष्टी लिहा: एकूण बाकी, महिन्याचा व्याजदर, स्टेटमेंटची तारीख, भरण्याची शेवटची तारीख आणि मिनिमम रक्कम, म्हणजे त्या महिन्यात निदान भरावीच लागते ती.

इथे पहिला सापळा आहे. स्टेटमेंटवर ‘एकूण देय रक्कम’ म्हणून जो आकडा असतो तो म्हणजे सगळं कर्ज नव्हे. स्टेटमेंटनंतर घासलेले पैसे त्यात नसतात. फ्रिज किंवा फोन हप्त्यांवर घेतला असेल तर या महिन्याचा हप्ता तेवढा त्यात असतो, पुढचे सगळे हप्ते बाहेर. बँकेच्या ॲपमध्ये ‘एकूण थकबाकी’, ‘अनबिल्ड’ (अजून बिलात न आलेले) आणि ‘इएमआय’ अशा तीन जागी डोकावून, एकच रक्कम दोनदा न धरता बेरीज करा. आमची पहिली बेरीज १,५८,००० आली होती. उरलेले २२,००० टीव्हीच्या हप्त्यांत दडून बसले होते. (ते हप्ते मोडून बाकी मुख्य खात्यात घेतली, कारण पुढचं गणित एकाच रांगेत मांडायचं होतं. आज पुन्हा करायचं झालं तर मी तसं करणार नाही. इएमआयचा दर कार्डाच्या चालू दरापेक्षा कमी होता.)

२. व्याजाचा खरा आकडा काढा

कार्डाचा दर महिन्याला सांगतात, म्हणून तो लहान वाटतो. आमच्या सर्वात मोठ्या कार्डाचा दर ३.७५ टक्के होता, म्हणजे वर्षाला ४५ टक्के. शिवाय व्याजावर १८ टक्के जीएसटी. दोन्ही मिळून महिन्याला ४.४ टक्क्यांच्या वर.

आमचं चित्र असं होतं:

पहिलं कार्ड: बाकी ९६,०००, दर ३.७५ टक्के, महिन्याचं व्याज ३,६००
दुसरं कार्ड: बाकी ६१,०००, दर ३.५ टक्के, व्याज २,१३५
बॅगवालं कार्ड: बाकी २३,०००, दर ३.५ टक्के, व्याज ८०५

व्याजाची बेरीज ६,५४०, त्यावर जीएसटी १,१७७. म्हणजे काहीही विकत न घेता महिन्याला ७,७१७ रुपये. आमची मिनिमम रक्कम बाकीच्या ५ टक्के होती, तिन्ही मिळून ९,०००. आम्ही इमानेइतबारे ९,००० भरायचो आणि कर्ज उतरायचं जेमतेम १,२८३ रुपयांनी. त्यावर महिन्यात दोनदा किराणा कार्डावर झाला की उतरलेलं पुन्हा वर.

फक्त मिनिमम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने लांबेल, असा इशारा बँकेनं स्टेटमेंटवरच छापायचा असतो. तो बारीक अक्षरात असतो आणि आम्ही तो कधी वाचला नव्हता.

काही जण म्हणतात, एवढं व्याज कायद्यात बसत नाही, ग्राहक मंचात जा. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्या आशेवर थांबू नका.

३. कार्ड घासणं आजपासून बंद

पुढच्या महिन्यापासून नव्हे, आजपासून. कारण साधं आहे: जुनी बाकी पुढे ओढत असाल तर ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे तुम्हाला लागूच नाही. आज २,००० चा किराणा घासला तर आजपासूनच त्यावर व्याज सुरू. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर ती सवलत कधीच नसते, वर काढण्याचं शुल्क वेगळं.

कार्ड कात्रीनं कापायचं नाटक आम्ही केलं नाही. ॲपमध्ये जाऊन ऑनलाइन खरेदी, दुकानातली मशीन, टॅप करून पैसे देणं असे एकेक व्यवहार बंद करता येतात, ते केले. खरेदीच्या आणि जेवण मागवण्याच्या ॲपमध्ये साठवलेली कार्डं पुसली. रुपे कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर तेही काढा, नाहीतर चहाच्या टपरीवर क्यूआर स्कॅन करताना चुकून कार्डातून पैसे जातात आणि कळतही नाही. आपोआप कापली जाणारी वर्गणी (सिनेमाचं ॲप, क्लाउड, जिम) बंद करा किंवा डेबिट कार्डावर वळवा. आमच्याकडे असं एक इंग्रजी शिकवणारं ॲप महिन्याला ३९९ रुपये खात होतं. ज्या मुलीसाठी घेतलं होतं तिनं ते वर्षभर उघडलं नव्हतं.

रिवॉर्ड पॉइंटांसाठी जीव टाकणाऱ्यांना एकच सांगते, पॉइंटांचा फायदा पूर्ण बिल भरणाऱ्याला. आपण सध्या त्यांच्यात नाही.

४. महिन्याला खरोखर किती सुटतात

इथे मनातला आकडा नको, तीन महिन्यांच्या खर्चाची सरासरी घ्या. आमची अशी निघाली: घराचा हप्ता १६,२००, किराणा-दूध-भाजी-गॅस १३,५००, शाळेची फी आणि रिक्षा ५,५००, वीज-पाणी-सोसायटी-मोबाईल ४,३००, पेट्रोल ३,२००, सासूबाईंची औषधं २,३००, विम्यासाठी बाजूला १,५००, किरकोळ २,५००. एकूण ४९,०००. उरले १५,०००.

मुद्दाम सांगते, ‘किरकोळ’ शून्य ठेवू नका. मी पहिल्या मसुद्यात तसं केलं होतं. पंधरवड्यात एका बारशाचा आहेर आणि मिक्सरचं तुटलेलं भांडं, एवढ्यानं सगळा बेत कोसळला.

रोजचा खर्च आवरायला एक युक्ती कामी आली. किराणा, पेट्रोल आणि किरकोळ मिळून १९,२०० होतात. त्यासाठी दुसऱ्या बँकेतलं पडून असलेलं खातं यूपीआयला जोडलं आणि पगाराच्या खात्यातून दर सोमवारी तिकडे पैसे पाठवायला लागलो. १९,२०० भागिले ४ म्हणजे ४,८०० असं करू नका. काही महिन्यांत पाचवा सोमवार येतो आणि फजिती होते. आम्ही ४,४०० वर बसवलं. शनिवारी खात्यात ६० रुपये उरले की भेळ घरची.

५. पहिला घाव : पडून असलेले पैसे

आमची ६०,००० ची एफडी होती, ७ टक्क्यांची. ती मोडायला माझा जीव होत नव्हता. मग गणित मांडलं. त्यातल्या ४५,००० वर वर्षभरात व्याज मिळणार ३,१५०. तेवढ्याच रकमेवर पहिल्या कार्डाला आम्ही एका महिन्यात भरत होतो १,९९०. मुदतीआधी मोडली की बँक थोडं व्याज कापते, तरी हिशेबाला काही फरक पडत नाही.

४५,००० पहिल्या कार्डात भरले. १५,००० मात्र हातचे ठेवले, बचत खात्यात. हा सापळा ओळखा: उत्साहाच्या भरात सगळेच पैसे कार्डात घातले की पहिल्या आजारपणाला पुन्हा कार्डच बाहेर येतं. पीएफ आणि पीपीएफला हात लावू नका असं माझं मत आहे. भिशी लागायची असेल तर ती या कामाला वापरा.

बाकी राहिली १,३५,०००.

६. स्वस्त कर्ज घेऊन महाग कर्ज फेडावं का

घ्यावं. आम्ही घेतलं नाही, आणि ती आमची सगळ्यात महाग चूक.

ह्यांच्या कंपनीत कामगारांची पतसंस्था आहे, व्याज १२ टक्के. पण दोन जामीनदार लागतात, म्हणजे दोन सहकाऱ्यांना सांगावं लागणार की कार्डाचं कर्ज झालंय. हे तयार झाले नाहीत, मीही जोर केला नाही. नंतर हिशेब केला. पुढे दिलेल्या बेतानं १,३५,००० फेडायला कार्डावर साधारण ४२,००० व्याज जातं. तेच हप्ते १२ टक्क्यांच्या कर्जाला भरले असते तर व्याज ८,००० च्या आत आणि फेड दोन महिने आधी. लाजेची किंमत ३४,००० रुपये झाली.

पर्याय आपल्या जवळचे आधी बघा: पतसंस्था, एफडीवर ओव्हरड्राफ्ट, एलआयसीच्या पॉलिसीवर कर्ज, बँकेचं सोनेतारण, मग वैयक्तिक कर्ज. कार्डाच्या बँकेला फोन करून बाकी इएमआयमध्ये वळवून मिळते का तेही विचारा. विचारताना चार गोष्टी लिहून घ्या: वर्षाचा दर, प्रक्रिया शुल्क, मुदतीआधी फेडलं तर दंड, आणि व्याजावरचा जीएसटी. ‘नो-कॉस्ट’ हा शब्द ऐकला तरी जीएसटी विचाराच.

सोनेतारणात एक धोका आहे. कार्ड रिकामं होतं, दागिने बँकेत जातात, आणि सहा महिन्यांत कार्ड पुन्हा भरतं. पायरी ३ झाल्याशिवाय ही पायरी करू नका. आणि झटपट कर्ज देणाऱ्या ॲपच्या नादी अजिबात लागू नका. ते दर कार्डापेक्षाही वर जाऊ शकतात.

७. महिन्याचं उद्दिष्ट मांडा

आता मुख्य काम. बहुतेक जण उद्दिष्ट असं लिहितात: ‘दर महिन्याला १५,००० भरायचे.’ आम्हीही आधी तेच लिहिलं. त्यात दोन खोटी आहेत.

पहिली खोट: ‘किती भरले’ हा आकडा फसवा. १५,००० भरून त्याच महिन्यात ९,००० घासले तरी उद्दिष्ट पूर्ण झाल्यासारखं वाटतं. म्हणून वहीत उद्दिष्ट लिहायचं ते महिनाअखेरीच्या बाकीचं. ‘फेब्रुवारीअखेर बाकी १,०६,०००.’ ती तेवढी उतरली की जमलं, नाही उतरली तर नाही. मध्ये कुठे काय भरलं, कुठलं शुल्क लागलं, याची सबब चालत नाही.

दुसरी खोट: बाराही महिने सारखे नसतात. जूनमध्ये वह्या, गणवेश, रेनकोट, छत्र्या. मे महिन्यात लग्नं. गणपतीत पाहुणे. दिवाळी तर दिवाळीच. सरसकट १५,००० धरलेत की जूनमध्ये बेत मोडतो, आणि एकदा मोडला की माणूस वहीच उघडत नाही. त्यापेक्षा भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढा आणि एकेक महिना बघून आकडा ठरवा. आषाढात लग्नं फारशी नसतात, मोठी खरेदीही शक्यतो कोणी करत नाही. तो महिना जोर लावायचा.

आकडा काढायची रीत: गेल्या महिन्याची बाकी, अधिक व्याज, वजा या महिन्यात भरायची रक्कम. तीन कार्डांचे तीन दर सांभाळत बसू नका. आम्ही व्याज आणि जीएसटी मिळून सरसकट महिना ४.२५ टक्के धरलं. सुरुवात १,३५,००० पासून.

डिसेंबर: भरायचे १५,०००, बाकी १,२५,७३८
जानेवारी: १५,०००, बाकी १,१६,०८२
फेब्रुवारी: १५,०००, बाकी १,०६,०१५
मार्च (घरपट्टी, पाडवा): १२,०००, बाकी ९८,५२१
एप्रिल: १५,०००, बाकी ८७,७०८
मे (लग्नं): १३,०००, बाकी ७८,४३६
जून (शाळा): ८,०००, बाकी ७३,७७०
जुलै (आषाढ): १६,०००, बाकी ६०,९०५
ऑगस्ट: १५,०००, बाकी ४८,४९३
सप्टेंबर (गणपती): ११,०००, बाकी ३९,५५४
ऑक्टोबर (दिवाळी): १०,००० आणि अर्धा बोनस १४,०००, बाकी १७,२३५
नोव्हेंबर: १५,०००, बाकी २,९६७
डिसेंबर: ३,०९३ भरून शून्य

जून बघा. ८,००० भरून बाकी ४,७०० चसुद्धा उतरत नाही. तो महिना मनाला लागतो. पण वहीत आधीच तसं लिहिलेलं असलं की हरल्यासारखं वाटत नाही, जून होता एवढंच.

बोनस अर्धाच धरा. पूर्ण धरलात तर घरात त्यावरून भांडण होणार आणि भांडण तुम्ही हरणार.

८. आधी कुठलं कार्ड

नियम सांगतो, सर्वात महाग दर असेल ते आधी. रोख काढलेली बाकी असेल किंवा दरांत मोठं अंतर असेल तर तसंच करा. आमच्याकडे ३.५ आणि ३.७५ इतकाच फरक होता, म्हणून आम्ही सर्वात लहान कार्डापासून सुरुवात केली. बाकी दोन कार्डांना मिनिमम, उरलेले साधारण ९,४०० बॅगवाल्याला. फेब्रुवारीत ते संपलं. गणितात काही शे रुपये जास्त गेले असतील. पण तीन महिन्यांत एक कार्ड रिकामं झालेलं ह्यांनी पाहिलं आणि त्यानंतर वही तेच उघडायला लागले. त्यापुढे ते शे-दोनशे काहीच नाहीत.

मिनिमम मात्र कुठल्याच कार्डाचं चुकवायचं नाही.

९. भरायचं कधी

शेवटच्या तारखेची वाट बघू नका. व्याज रोजच्या बाकीवर चढतं, त्यामुळे २२ तारखेची मुदत असली आणि पगार ७ तारखेला होत असला तर ८ तारखेलाच भरा. दुसरा फायदा, खात्यात पैसे राहिले की ते खर्च होतात. एकदम नाही जमलं तर महिन्यातून दोनदा भरा, कार्डात कितीही वेळा पैसे टाकता येतात.

ऑटो-डेबिट लावलं असेल तर ते ‘एकूण’वर आहे की ‘मिनिमम’वर ते तपासा. आमचं दोन वर्षं मिनिममवर होतं आणि आम्हाला वाटायचं बिल भरलं जातंय. सध्या ते मिनिममवरच राहू द्या, विसरलात तर दंड टळेल. वरची रक्कम हातानं भरा.

मुदत उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त गेल्याशिवाय बँकेला थकबाकीदार म्हणून कळवता येत नाही आणि विलंबशुल्कही लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सर्व्हर बंद पडला, सुट्टी आली, अशा वेळी तो उपयोगी. सवय म्हणून नव्हे, कारण व्याजाला हे तीन दिवस माफ नसतात. पगाराची तारीख आणि बिलाची तारीख जुळतच नसेल तर बिलाचं चक्र बदलून मागा, तो हक्क कार्डधारकाला आहे.

१०. दहा तारखेची बैठक

दर महिन्याच्या १० तारखेला रात्री जेवणं झाल्यावर आम्ही १५ मिनिटं बसायचो. तिन्ही ॲप उघडून एकूण थकबाकी वहीत लिहायची, उद्दिष्टाशेजारी. फरक हजाराच्या आत असेल तर वही बंद. जास्त असेल तर स्टेटमेंट वाचायचं.

वाचताना काय शोधायचं? वार्षिक शुल्क, जे वर्षातून एकदा गुपचूप येतं. फोनवर ‘हो, हो’ म्हणताना गळ्यात पडलेला कार्ड-संरक्षण विमा. मर्यादेबाहेर गेल्याचा दंड. चुकीचं असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत. एका वार्षिक शुल्कासाठी मी बँकेकडे तक्रार केली, तेवढ्यानंच ते माफ झालं.

उद्दिष्ट चुकणारच. आमचं ऑगस्टमध्ये चुकलं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, हातचे १५,००० त्यात गेले आणि कार्डाला फक्त मिनिमम, तीन हजारांच्या आसपास. ४८,५०० ऐवजी बाकी राहिली ६०,५००. तेव्हा मोह होतो की पुढच्या महिन्यात ११,००० ऐवजी २३,५०० भरून मागचं भरून काढू. तसं लिहूच नका. पुढचा महिना गणपतीचा होता, ते जमलं नसतं आणि सलग दोन महिने चुकले असते. त्याऐवजी त्याच रात्री ऑगस्टच्या खऱ्या बाकीपासून पुढची सगळी यादी नव्यानं मांडली. शेवट डिसेंबरवरून जानेवारीत गेला, एवढंच. हातची रक्कम बोनसच्या उरलेल्या अर्ध्यातून पुन्हा भरली.

मिनिममही निघत नसेल तर

नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, तर फोन टाळू नका. बँकेला ईमेल करा, परिस्थिती लिहा, हप्ते बांधून मागा. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी, नातेवाइकांना फोन, हे नियमात बसत नाही. फोनच्या तारखा आणि वेळा लिहून ठेवा.

‘इतके भरा, उरलेलं सोडून देतो’ असा प्रस्ताव आला तर तो शेवटचा पर्याय समजा. त्यानंतर क्रेडिट रिपोर्टवर ‘क्लोज्ड’ न लिहिता ‘सेटल्ड’ लिहिलं जातं आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की तो एक शब्द आडवा येतो. तरीही स्वीकारावा लागलाच तर आधी पत्र हातात घ्या, मग पैसे.

११. शून्य झाल्यावर

शून्य दिसलं म्हणजे संपलं नाही. स्टेटमेंटच्या तारखेपासून तुम्ही भरलं त्या तारखेपर्यंतचं व्याज पुढच्या स्टेटमेंटमध्ये येतं. आमच्या पहिल्या कार्डावर सगळं भरल्यानंतरच्या महिन्यात १०० रुपयांच्या आत काहीतरी आलं. ते ‘चुकून आलं असेल’ म्हणून सोडलं असतं तर त्यावर पुन्हा व्याज चढत राहिलं असतं. सलग दोन स्टेटमेंटं शून्याची येईपर्यंत ॲप काढू नका.

किती कार्डं ठेवायची? आम्ही एक ठेवलं, सर्वात जुनं, कारण क्रेडिट रिपोर्टमध्ये जुन्या खात्याला किंमत असते. मर्यादा मात्र कमी करून ४०,००० करून घेतली. दोन बंद केली. बंद करण्याची विनंती लेखी किंवा ॲपमधून करा. बाकी शून्य असेल तर बँकेनं ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे, हा नियम २०२२ पासून आहे. फोनवर तुम्हाला आजन्म मोफत कार्ड, वाढीव मर्यादा, असं बरंच काही देऊ करतील. ‘नको, बंदच करा’ हे वाक्य मी चार वेळा म्हटलं.

बंद झाल्याचं पत्र आणि नो ड्यूज सर्टिफिकेट (काही देणं उरलं नाही असा दाखला) मागून घ्या, छापून फाईलला लावा. दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट पुन्हा बघा आणि दोन्ही खात्यांपुढे ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य आहे का ते तपासा. आमच्या बॅगवाल्या कार्डापुढे तेव्हाही खातं चालू दिसत होतं. सिबिलच्या साइटवर तक्रार टाकून ते पत्र जोडलं, मग दुरुस्त झालं. बॅगेची चेन तोवर तुटली होती.